एक गेम, तीन खेळाडू: ‘वॉच डॉग्ज २’च्या मूल्यमापनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२१च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतले आहे. पुण्यातील एका डिझाइन संस्थेत मी गेम डिझाइन हा ऐच्छिक विषय शिकवत होतो आणि आमचे वर्ग तेव्हाही ऑनलाइनच भरत होते. सत्राच्या अखेरच्या प्रकल्पासाठी तिघातिघांच्या गटांनी एखाद्या ओपन-वर्ल्ड (म्हणजे मोठ्या जगात खेळाडूला मोकळेपणी हिंडू देणाऱ्या) ॲक्शन गेमचा दुसरा भाग निवडावा, तो पुरेसा खेळावा आणि ‘या भागाची बलस्थाने व उणिवा’ या मथळ्याखाली त्याचे मूल्यमापन लिहावे, असे मी सांगितले होते. त्यांपैकी एका गटाचे काम कसे अडले आणि कसे पुढे सरकले, हे येथे मांडतो आहे. तिघांची नावे बदलून मृणाल, तेजस आणि इम्रान अशी ठेवली आहेत, आणि हा लेख तिघांच्याही संमतीने लिहिला आहे.

गटाने ‘वॉच डॉग्ज २’ हा हॅकर नायकाचा गेम निवडला तो व्यावहारिक कारणाने. १२ जुलै २०२० रोजी युबिसॉफ्ट या त्याच्या निर्मात्या कंपनीने आपल्या ऑनलाइन कार्यक्रमाच्या निमित्ताने या गेमची पीसी आवृत्ती विनामूल्य दिली होती. मृणाल आणि इम्रान यांनी ती तेव्हाच घेऊन ठेवली होती, तर तेजसकडे प्लेस्टेशन ४ची जुनी डिस्क होती. विद्यार्थ्यांना नवा गेम प्रत्येक वेळी परवडतोच असे नाही, त्यामुळे या निवडीत मला काही गैर वाटले नाही. शिवाय दुसऱ्या भागाने पहिल्या भागाकडून काय शिकावे, हे तपासण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पहिला ‘वॉच डॉग्ज’ २७ मे २०१४ रोजी आला. २०१२च्या ई-३ या गेम-उद्योगाच्या प्रदर्शनात त्याची जी झलक दाखवली गेली होती, तिच्यामुळे अपेक्षा फार उंचावल्या होत्या. मग तो नोव्हेंबर २०१३ऐवजी सहा महिने उशिरा आला आणि प्रत्यक्ष चित्रण झलकेइतके देखणे नाही, अशी तक्रार सर्वत्र झाली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तरी नाराजीचा सूर राहिलाच. शिकागो शहर, भाचीच्या मृत्यूचा सूड घेणारा अबोल एडन पिअर्स, नकाशाचा एकेक भाग उघडण्यासाठी हॅक करायचे मनोरे, आणि बहुतेक ठिकाणी एका बटणात आटोपणारे हॅकिंग, अशी त्याची घडण होती. पुष्कळ खेळाडूंना एडनबद्दल आपुलकी वाटली नाही.

युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने १५ नोव्हेंबर २०१६ रोजी जो दुसरा भाग आणला, त्यात यातली जवळपास प्रत्येक गोष्ट उलटवली होती. शिकागोच्या जागी सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, मरीन आणि सिलिकॉन व्हॅली यांचा उन्हाने उजळलेला परिसर आला. सूडाने पेटलेल्या प्रौढाच्या जागी ओकलंडचा मार्कस हॉलोवे हा तरुण आला, ज्याला शहरावर पाळत ठेवणाऱ्या सीटीओएस २.० या प्रणालीने त्याने न केलेल्या गुन्ह्यासाठी संशयित ठरवलेले असते. एकट्या शिलेदाराच्या जागी डेडसेक हा हॅकर मित्रांचा कंपू आला. मनोरे काढून टाकले आणि नकाशा सुरुवातीपासून मोकळा केला. हॅकिंगसाठी प्रत्येक माणसावर, गाडीवर, यंत्रावर तीन-चार पर्यायांचे चक्र उघडू लागले, आणि त्यात जम्पर नावाची चाकांवर धावणारी छोटी रोबो गाडी व चार पात्यांचा ड्रोन यांची भर पडली. डेडसेकमधली सितारा धवन ही चित्रकार मुलगी भारतीय वंशाची आहे आणि कंपूच्या प्रत्येक मोहिमेचा चेहरामोहरा तीच ठरवते. आमच्या वर्गात तिच्याबद्दल स्वाभाविकच अधिक बोलणे झाले.

पहिला मसुदा आणि अडचण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गटाने पहिला मसुदा पाठवला. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे बलस्थाने, उजवीकडे उणिवा. डावीकडे शहराचा जिवंतपणा, सुधारलेली वाहनचालना, हॅकिंगचे वैविध्य, जम्पर, मार्कसचा स्वभाव, विनोद वगैरे. उजवीकडे शत्रूंची मर्यादित बुद्धी, पाठलागातून सुटण्याचा कंटाळवाणा खटाटोप, खलनायकाचा उथळपणा, आणि ‘बंदुका कथेशी विसंगत वाटतात’ असे एक वाक्य. एकही मुद्दा चुकीचा नव्हता, पण मसुदा वाचून संपल्यावर गेमविषयी कोणतीही धारणा मनात तयार होत नव्हती. हाच तक्ता दोन-चार शब्द बदलून कोणत्याही ओपन-वर्ल्ड गेमला लावता आला असता.

आणखी एक गोष्ट खटकली. ‘बंदुका कथेशी विसंगत’ या वाक्याच्या शेजारी समासात तेजसने टीप टाकली होती: “मला हे मान्य नाही, पण दोघांनी लिहिलं.” दुसऱ्या दिवशी मी तिघांना एकत्र बोलावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तू हा गेम कसा खेळलास किंवा खेळलीस?

तेजसने डेडसेकच्या मुख्यालयातल्या थ्री-डी प्रिंटरवर लवकरात लवकर रायफल छापून घेतली होती आणि बहुतेक मोहिमा समोरच्या दाराने जाऊन संपवल्या होत्या. मृणालने सुरुवातीलाच ठरवले होते की कुणालाही मारायचे नाही. तिचा मार्कस बहुधा आवाराबाहेर भिंतीला टेकून बसलेला असे आणि आत जम्पर हिंडत असे. इम्रान विजेचा झटका देणारे पिस्तूल आणि मार्कसचा दोरीला बांधलेला बिलियर्डचा चेंडू वापरत होता, आणि प्रकरण अंगाशी आले की हाती लागेल ते शस्त्र उचलत होता. मृणाल म्हणाली, “सर, मला हा गेम फार शांत वाटला, बुद्धिबळासारखा.” तेजसने लगेच विचारले, “शांत? अगं, कुठला गेम खेळत होतीस तू?”

अडचण येथे उघड झाली. तिघांनी तीन वेगळे अनुभव घेतले होते आणि मसुद्यात त्यांची सरासरी काढली होती. मृणालसाठी जे सर्वांत मोठे बलस्थान होते, त्याला तेजसने स्पर्शही केला नव्हता. तेजसला जी उणीव म्हणून मान्य नव्हती, ती मृणालला दिसत होती ती केवळ तत्त्व म्हणून. तिच्या खेळण्यात ती आलीच नव्हती, किंवा आली नाही असे तिला तेव्हा वाटत होते.

विचारात घेतलेले पर्याय

त्या बैठकीत चार वाटा पुढे आल्या. तिघांनी तीन स्वतंत्र मूल्यमापने लिहून एकत्र बांधावीत, ही तेजसची सूचना होती. ती प्रामाणिक होती, पण तिच्यात निष्कर्षाची जबाबदारी वाचकावर जात होती. कथेला बाजूला ठेवून केवळ खेळण्याच्या यंत्रणेचे मूल्यमापन करावे, असे इम्रानने सुचवले. त्याने काम सोपे झाले असते, परंतु या गेममध्ये कथा आणि यंत्रणा यांची फारकत करता येत नाही, कारण खेळाडूने काय करावे हे कथा सांगते आणि कसे करावे हे यंत्रणा त्याच्यावर सोपवते. गेमच बदलावा, असेही एकदा निघाले. सहा आठवडे हाती असताना तसे करणे शक्य होते, पण ज्या ठिकाणी अडलो तीच जागा शिकण्याची असते असे मला वाटले आणि मी ते मोडून काढले.

चौथी वाट मृणालने काढली. मधल्या टप्प्यातले एकच मिशन तिघांनी आपापल्या पद्धतीने पुन्हा खेळावे, पडद्याचे चित्रण करावे, आणि तिघांनी मिळून ते पाहावे. मला या सूचनेबद्दल थोडी शंका होती. एका मिशनवरून तीस-पस्तीस तासांच्या गेमबद्दल बोलणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि ती प्रत्येक वेळी बरोबर येतेच असे नाही. तरीही, ठोस पुरावा समोर ठेवून बोलण्याची सवय लागावी म्हणून मी होकार दिला. मागे वळून पाहता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच ठरला.

एकच मिशन, तीन पद्धती

निवडलेल्या मिशनमध्ये पहारा असलेल्या आवारात शिरून आतल्या संगणकातली माहिती काढायची असते. तेजसचे काम दहा मिनिटांच्या आत आटोपले. त्याने पुढच्या फाटकावरच पहिला पहारेकरी टिपला, इतरांनी मदत मागवली, गाड्या भरून माणसे आली, आणि ती सगळी एका भिंतीच्या आडोशावरून संपवून तो संगणकापर्यंत चालत गेला.

इम्रानला तीनदा पुन्हा सुरुवात करावी लागली. झटक्याचे पिस्तूल माणसाला कायमचे पाडत नाही. काही वेळाने तो शुद्धीवर येतो आणि पुन्हा पहारा सुरू करतो. इम्रान संगणकापाशी पोहोचला की फाटकाजवळचा पहिला पहारेकरी उठलेला असे. अहिंसक वाटेची किंमत येथे स्पष्ट दिसत होती. ती वाट अधिक लांबची आहे, अधिक अवघड आहे, आणि खेळाडूने ती स्वतःच्या मनाने निवडायची आहे. गेम तिच्यासाठी वेगळे काही देत नाही.

मृणालचे चित्रण पाऊण तासाचे होते आणि त्यातली पहिली वीस मिनिटे मी आजही नव्या विद्यार्थ्यांना दाखवतो. मार्कस एका बोळात टेकून बसतो. ड्रोन वर जातो आणि आवारातल्या एकेका माणसावर खूण करतो. मग जम्पर हवा खेळण्याच्या झडपेतून आत शिरतो. पुढे एक बंद दार आहे, त्याची वायरिंग भिंतीवरून निळ्या रेघांनी पेटीपर्यंत गेलेली दिसते. त्या रेघा जोडण्याचे कोडे प्रत्यक्ष इमारतीच्या अंगावरच मांडलेले असते, त्यामुळे कोडे सोडवताना जागाही समजत जाते. पहारेकरी जवळ आला की ती त्याच्या फोनवर खोटा संदेश पाठवून त्याला थांबवते. तो फोनकडे पाहत उभा राहतो आणि जम्पर त्याच्या बुटांमागून निघून जातो. पहिल्या भागात ज्या कल्पनेची केवळ झलक होती, ती येथे पूर्ण उमललेली दिसते. शहर हे शस्त्र आहे, आणि खेळाडू त्याचा वापर बसल्या जागेवरून करू शकतो.

एकविसाव्या मिनिटाला मात्र एक पहारेकरी संगणकाच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला आणि हलेना. मृणालने त्याच्यावर चक्र उघडले आणि त्याचे नाव एका टोळीला कळवण्याचा पर्याय निवडला. थोड्याच वेळात दोन गाड्या फाटकातून आत आल्या, गोळीबार झाला, आणि आवार रिकामे झाले. जम्परने माहिती घेतली आणि तो आला तसा बाहेर पडला.

चित्रण पाहताना इम्रान म्हणाला, “अगं, थांब. जरा मागे घे.”

तिने मागे घेतले.

“हे पाच जण कसे पडले?”

“ते टोळीने मारले. मी एकही गोळी झाडली नाही.”

“टोळीला बोलावलं कुणी?”

बराच वेळ कुणीच बोलले नाही. मग मृणालने आपली सगळी चित्रणे एकामागून एक तपासायला घेतली आणि दोन दिवसांनी तिने आम्हाला लिहिले की अहिंसक म्हणून खेळलेल्या मिशनांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तिने टोळी किंवा पोलीस यांना बोलावले होते. खोटा पुरावा पेरून पहारेकऱ्याला अटक करवण्याचा पर्यायही तितकासा निरुपद्रवी नसतो. पहारेकऱ्याने विरोध केला की तिथेही गोळ्या झडतात.

या शोधाने सर्व चर्चेला वेगळे वळण लागले. तोवर गटाची समजूत अशी होती की दोष बंदुकांचा आहे आणि त्या काढून टाकल्या की दोष जाईल. आता दिसले की दोष त्याहून खोलवर आहे. या गेममध्ये प्रत्येक वाटसरूवर आणि पहारेकऱ्यावर फोन रोखला की त्याचे नाव, व्यवसाय आणि त्याच्याविषयीची एखादी खासगी ओळ पडद्यावर येते. एका ओळीपुरता का होईना, तो माणूस होतो. त्यानंतर त्याला मारले, मारवले किंवा झटका देऊन झोपवले, याची नोंद गेम कुठेच ठेवत नाही. माणसांच्या माहितीचा गैरवापर करणाऱ्या कंपनीविरुद्ध ही कथा उभी आहे. खेळाडू त्याच माहितीच्या आधारे एखाद्याचा जीव घेऊ शकतो, आणि कथेला त्याचा पत्ता नसतो.

अनुयायांचा आकडा

तिघांच्या चित्रणांचा शेवट शेजारी शेजारी लावून पाहिल्यावर हे अधिकच ठळक झाले. तेजसच्या आवारात मृतदेहांचा खच होता, इम्रानच्या आवारात काही जण बेशुद्ध होते, मृणालच्या आवारात टोळीने केलेली कत्तल होती. तिन्ही ठिकाणी मार्कसच्या फोनवर मित्रांचा तोच आनंदी संवाद ऐकू आला आणि डेडसेकच्या अनुयायांचा आकडा तितकाच वाढला.

हा आकडा या गेमची मध्यवर्ती यंत्रणा आहे. ब्लूम ही कंपनी आणि तिची सीटीओएस प्रणाली यांच्याशी झुंजायला संगणकीय ताकद लागते. डेडसेकचे ॲप लोकांनी आपापल्या फोनवर घेतले की ती ताकद मिळते, म्हणून प्रत्येक मोहीम लोकांचे मन जिंकण्यासाठी असते. अनुयायी वाढले की संशोधनाचे गुण मिळतात आणि त्यातून नवी कौशल्ये उघडतात. खेळत जाताना साठणाऱ्या अनुभवगुणांसारखी रूढ यंत्रणा कथेच्या अर्थात इतकी चपखल बसवणे, हे माझ्या मते या दुसऱ्या भागातले सर्वांत बुद्धिमान काम आहे. आणि नेमके तिथेच ते अर्धवट सोडले गेले आहे, कारण हा आकडा फक्त वाढतो. लोकांच्या पाठिंब्यावर उभी असलेली चळवळ एका दुपारी वीस पहारेकरी मारते आणि एकही अनुयायी तिला सोडून जात नाही.

गटाच्या मसुद्यात ‘अनुयायांची कल्पना’ बलस्थानांच्या रकान्यात होती आणि ‘बंदुकांची विसंगती’ उणिवांच्या. दोन्ही एकाच निर्णयाची दोन टोके आहेत, हे आता तिघांनाही दिसले. कोणत्याही मार्गाने जा, आम्ही अडवणार नाही, हा निर्णय जम्परच्या त्या अप्रतिम वीस मिनिटांना जन्म देतो. तोच निर्णय कथेला खेळाडूच्या कृतीकडे पाठ फिरवायला लावतो, कारण प्रत्येक मार्गाला वेगळा प्रतिसाद लिहायचा तर संवाद, प्रसंग आणि खर्च कित्येक पटींनी वाढतात. स्वातंत्र्य दिले गेले, पण त्या स्वातंत्र्याचा हिशेब ठेवला गेला नाही.

होरेशिओचा मृत्यू: गटातील मतभेद

याच दृष्टीने इम्रानने कथेतल्या एका प्रसंगाकडे पुन्हा पाहायला लावले. ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

होरेशिओ हा डेडसेकचा सदस्य नूडल नावाच्या बलाढ्य कंपनीत नोकरी करतो. मार्कस त्याला भेटायला कंपनीच्या आवारात जातो, आणि त्या झगमगाटात काळ्या रंगाची माणसे किती मोजकी आहेत, यावर दोघे चालता चालता बोलतात. तो संवाद विनोदाच्या ओघात येतो आणि मनात घर करून राहतो. पुढे एक टोळी होरेशिओला पळवून ठार मारते. मार्कस कोसळतो, सूड घेतो, आणि त्यानंतर फार थोड्या वेळात कंपू पुन्हा चेष्टामस्करीच्या सुरात परततो. हा धक्का पचवायला कथा वेळच देत नाही.

तेजसच्या मते हा वेगळा दोष होता, लेखनाचा, आणि त्याचा बंदुकांशी संबंध नव्हता. इम्रानचे म्हणणे असे की दोष एकच आहे. ज्या गेममध्ये शेकडो मृत्यूंना वजन नाही, तिथे एका मृत्यूला अचानक वजन द्यायचे म्हटले तर पायाखाली जमीन नसते. मृणालला दोघांचेही पटत होते, पण शेवटी ती इम्रानकडे झुकली, कारण टोळीने होरेशिओला मारले तेव्हा तिला स्वतःच बोलावलेल्या टोळ्या आठवल्या. मला स्वतःला इम्रानचा युक्तिवाद बळकट वाटला. तरीही अंतिम लेखात तेजसचे मत त्याच्या नावाने स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे, असे मी सुचवले आणि गटाने ते स्वीकारले.

आणखी एक निर्णय: कोणत्या आवृत्तीचे मूल्यमापन?

हा मुद्दा लहान आहे, पण पुढे कुणी असे काम हाती घेतले तर उपयोगी पडेल. इम्रानने प्रकाशनाच्या काळातली जुनी परीक्षणे वाचली तेव्हा त्याला कळले की दुसऱ्या खेळाडूने मध्येच आपल्या जगात शिरण्याची अखंड मल्टिप्लेअर सोय पहिल्या दिवशी बंद ठेवावी लागली होती आणि ती नंतरच्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीने, सुरू झाली. गटाने जो गेम खेळला तो चार वर्षांच्या दुरुस्त्यांनंतरचा होता. प्रकाशनाच्या दिवशीचा दोष आज उणीव म्हणून लिहायचा का? गटाने ठरवले की मूल्यमापन आज उपलब्ध असलेल्या आवृत्तीचेच राहील आणि जुन्या दोषाची नोंद पार्श्वभूमीत एका वाक्यात येईल. मला हे योग्य वाटले. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून पहिल्या दिवशी गेम घेतला त्यांच्या अनुभवाला मात्र त्या एका वाक्याने पुरेसा न्याय मिळाला का, याबद्दल माझ्या मनात आजही शंका आहे.

केलेली कृती आणि फलित

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गटाने तक्ता मोडून नव्याने लेख लिहिला. मधोमध रेघ नव्हती. त्याची सुरुवात त्या एका मिशनच्या तीन वर्णनांनी झाली आणि पुढचे प्रत्येक विधान त्यांपैकी एखाद्या प्रसंगाला बांधलेले होते. शहराचे सौंदर्य, सुधारलेल्या गाड्या, सितारा आणि तोंडावर चमकती चिन्हे दाखवणारा मुखवटा घालणारा रेंच यांच्यातली चुरचुरीत बोलणी, हे सगळे लेखात होते, पण थोडक्यात, कारण त्याबद्दल वाद नव्हता. खलनायक दुशान नेमेकविषयी एकच परिच्छेद होता आणि तो पुरेसा होता. स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला कंपनीचा अधिकारी म्हणून तो ओळखू येतो, परंतु त्याची भीती वाटत नाही.

अर्धा लेख अनुयायांच्या आकड्याला दिला होता. त्यात गटाने एक पर्यायी रचनाही सुचवली होती: मिशनमध्ये जीवितहानी झाली तर अनुयायी तितक्या वेगाने वाढू नयेत, टोळीकरवी झालेली हानीही त्यात धरावी, आणि सिताराने पुढच्या संवादात एखाद्या वाक्यात तरी त्याची दखल घ्यावी. सगळ्या मार्गांसाठी सगळे संवाद लिहिण्याची गरज नाही. एक आकडा आणि मोजकी वाक्ये एवढ्यानेही खेळाडूला कळले असते की कुणीतरी पाहते आहे. पाळत ठेवणाऱ्या प्रणालीविषयीच्या गेममध्ये खेळाडूच्या कृत्यांवर मात्र कुणाचीच नजर नसावी, ही त्रुटी मृणालने लेखात ज्या शब्दांत मांडली ते मला फार आवडले.

तिसऱ्या भागाचा उल्लेख करावा की नाही, यावर शेवटच्या आठवड्यात चर्चा झाली. ‘वॉच डॉग्ज: लीजन’ २९ ऑक्टोबर २०२० रोजी आला होता. त्यात डेडसेक स्वतः पुरवते ती शस्त्रे जीव घेणारी नसतात. जीवघेणी बंदूक हवी असेल तर ती बाळगणाराच माणूस कंपूत घ्यावा लागतो. म्हणजे दुसऱ्या भागातल्या विसंगतीची दखल निर्मात्यांनी घेतली होती असे मानायला जागा आहे. पण लंडनमधला कोणताही वाटसरू नायक होऊ शकतो अशी त्या गेमची रचना असल्यामुळे मार्कससारखे मध्यवर्ती, जीव लावावा असे माणूस त्यात उरले नाही. गटाने हा मुद्दा दोन परिच्छेदांत घेतला आणि तिथेच थांबला, कारण तिघांपैकी कुणीही तो गेम पूर्ण खेळला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझी होती. ‘बलस्थाने व उणिवा’ हा मथळा मीच दिला होता आणि मथळ्यातच दोन रकाने होते. विद्यार्थ्यांनी मी मागितले तेच दिले. पुढच्या वर्षीपासून मी तो मथळा बदलून एकच प्रश्न देऊ लागलो: या भागातला कोणता निर्णय त्याच्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट अशा दोन्ही क्षणांना कारणीभूत आहे? सगळ्या गेमना हा प्रश्न लागू पडत नाही, आणि एका गटाने तसे पटवूनही दिले. तरी रकान्यांपेक्षा तो बरा आहे.

पहिला भाग तिघांनीही खेळायला हवा होता. वेळ कमी म्हणून एकट्या इम्रानने त्याचे सुरुवातीचे काही तास खेळले आणि इतरांना सांगितले. दुसऱ्या भागाचे मूल्यमापन करताना पहिल्याची ऐकीव माहिती पुरत नाही. एका बटणाचे हॅकिंग आणि चक्राचे हॅकिंग यांतला फरक वाचून कळतो, पण हाताला जाणवत नाही.

तुलनेच्या पद्धतीतही उणीव राहिली. मृणालच्या जम्परची बरीच कौशल्ये आधीच उघडलेली होती, तर तेजसने आपले गुण शस्त्रांवर खर्च केले होते. शिवाय एकाच्या हातात कन्सोलचा कंट्रोलर होता आणि दोघांच्या हातात माउस. तिघांनी सुरुवातीच्या मिशननंतरच, सारख्या साधनांनिशी, एकच जागा खेळली असती तर तुलना अधिक न्याय्य झाली असती. चित्रण करण्याचा निर्णयही पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. मृणालजवळ जुनी चित्रणे होती हा केवळ योग होता, आणि ती नसती तर टोळीचा तो पर्याय तिने किती वेळा वापरला हे तिला स्वतःलाही कळले नसते.

मे महिन्यात, निकाल लागून गेल्यावर, मृणालचा संदेश आला. तिने गेम पहिल्यापासून पुन्हा सुरू केला होता आणि या वेळी टोळी व पोलीस हे दोन्ही पर्याय वर्ज्य केले होते. सोबत एक चित्र होते: तेच आवार, तोच संगणक, शेजारी न हलणारा तोच पहारेकरी, आणि एका खोक्यामागे थांबलेला जम्पर. खाली तिने लिहिले होते की अर्धा तास झाला, तो अजून हललेला नाही आणि ती अजून थांबली आहे.